ओक्लाहोमातला पहिला वसंत : वणवा, गारा आणि टोर्नेडोचा अंदाज कसा वाचायचा

ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावात येऊन मला आठवडाही झाला नव्हता. शनिवारची दुपार. कुकरची दुसरी शिट्टी होते न होते तोच बाहेर भोंगा सुरू झाला, युद्धाच्या सिनेमात वाजतो तसा, लांबलचक. मी शेगडी बंद केली, पासपोर्टची पिशवी पोटाशी धरली आणि कोरड्या बाथटबमध्ये जाऊन बसले. थोड्या वेळाने भोंगा थांबला. दार किलकिलं करून पाहिलं तर समोरचे आजोबा निवांत कुत्रा फिरवत होते आणि आभाळ निळंभोर होतं. ओक्लाहोमा सिटी परिसरात शनिवारी दुपारी १२ वाजता टोर्नेडोच्या इशाऱ्याच्या भोंग्यांची चाचणी होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर बरेच वसंत काढले. दर जानेवारीत नवे मराठी विद्यार्थी येतात, एच-वनवर आलेली जोडपी येतात, आणि मार्च उजाडला की तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात. सगळ्यांना फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. मी ओक्लाहोमाबद्दल लिहितेय, पण ॲमरिलो, डॅलस किंवा विचिटाला राहत असाल तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. फक्त काउंट्यांची, म्हणजे इथल्या जिल्ह्यांची, नावं बदलतील.

१. आधी ड्रायलाइन समजून घ्या

इथे वसंतात दोन संकटं येतात असं नवख्यांना वाटतं, एक वणव्याचं आणि एक वादळाचं. पण बहुतेक वेळा ती एकाच हवामानाची दोन टोकं असतात. रॉकी पर्वतांच्या पूर्वेला कमी दाबाचा पट्टा तयार झाला की त्याच्या पुढच्या बाजूला दक्षिणेचा वारा मेक्सिकोच्या आखातावरचं बाष्प ओढून आणतो. मागच्या बाजूने न्यू मेक्सिको आणि पश्चिम टेक्ससच्या उंच, रखरखीत पठारावरची कोरडी हवा घुसते. या दोन हवांमधली सीमा म्हणजे ड्रायलाइन. ती दुपारी पूर्वेकडे सरकते आणि संध्याकाळनंतर बऱ्याचदा माघारी जाते.

रेषेच्या पूर्वेला असाल तर गारा आणि टोर्नेडो, पश्चिमेला असाल तर वणवा. एकाच दिवशी आमच्यासारखं गाव सकाळी एका बाजूला आणि दुपारी दुसऱ्या बाजूला असू शकतं. अशा दिवशी सकाळी आंघोळ करूनही अंग चिकट राहतं आणि दुपारी चारला ओठ फुटायला लागतात.

१४ मार्च २०२५ घ्या. त्या दिवशी धुळवड होती. ओक्लाहोमात वाऱ्याचे झोत ताशी ७० मैलांच्या वर गेले, एका दिवसात शंभराहून जास्त ठिकाणी आगी लागल्या, चारशेहून अधिक घरांचं नुकसान झालं. स्टिलवॉटरमध्ये वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. कॅन्ससमध्ये आय-७० हायवेवर धुळीच्या लोटात ७० हून जास्त गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि ८ जण गेले. आणि त्याच प्रणालीच्या पुढच्या टोकाला, मिझुरीत, त्याच रात्री टोर्नेडोंनी माणसं मारली. आमच्याकडे दुपारी सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा दिसत होता. बाल्कनीतल्या तुळशीची पानं पुसली तर बोटाला राख लागली.

आपण कोणत्या बाजूला आहोत हे कळायला एक आकडा पुरतो, तो म्हणजे ड्यू पॉइंट, ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं ते. तो जितका वर तितकी हवा दमट. ओक्लाहोमा मेझोनेट या हवामान-जाळ्याची केंद्रं राज्याच्या सगळ्या ७७ काउंट्यांमध्ये आहेत आणि दर ५ मिनिटांनी ताजे आकडे देतात. ॲप फुकट आहे. ड्यू पॉइंट ६० फॅरनहाइटच्या वर असेल तर वादळाला खाद्य आहे. विशी-तिशीत घसरला आणि वारा सुटला, तर धूर कुठे दिसतोय का ते बघायला लागा.

२. सकाळी चहाबरोबर दोन नकाशे

स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर, म्हणजे एसपीसी, नॉर्मनमध्येच आहे आणि सगळ्या अमेरिकेचे वादळाचे अंदाज तिथून निघतात. त्यांच्या साइटवर दोन नकाशे बघायचे. पहिला वादळांचा, ज्याला कन्व्हेक्टिव्ह आउटलुक म्हणतात, आणि दुसरा फायर वेदर आउटलुक. नवीन माणूस फक्त पहिला बघतो.

वादळांच्या नकाशात साध्या गडगडाटाच्या फिक्या हिरव्या पट्ट्यानंतर पाच पायऱ्या येतात :

१ – मार्जिनल, गडद हिरवा
२ – स्लाइट, पिवळा
३ – एनहान्स्ड, नारिंगी
४ – मॉडरेट, लाल
५ – हाय, किरमिजी

आपण इथेच फसतो. शाळेत शिकलेलं इंग्रजी डोक्यात असतं : स्लाइट म्हणजे किंचित, मॉडरेट म्हणजे मध्यम. या यादीत मॉडरेट ही पाचातली चौथी पायरी आहे. ‘मॉडरेटच आहे’ म्हणून कुणी किराणा आणायला निघालं की मी त्यांना अडवते. हाय तर वर्षातून मोजक्या दिवशीच येतं. आणि स्लाइटच्या दिवशी आमच्या पार्किंगमधल्या अकरा गाड्यांच्या काचा फुटलेल्या मी स्वतः मोजल्यात. म्हणून शब्द विसरा, आकडा बघा.

टक्केवारीनेही गोंधळ होतो. टोर्नेडो १० टक्के, असं वाचून हायसं वाटतं. पण ती शक्यता तुमच्यापासून २५ मैलांच्या परिघातली असते, आणि एरवीच्या दिवशी ती शून्याच्या जवळ असते. त्या हिशेबाने १० टक्के म्हणजे भरपूर.

वेळेची एक गंमत. या अंदाजांवर वेळ ‘झेड’मध्ये लिहिलेली असते, म्हणजे ग्रीनिचची वेळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे गेली की त्यातून पाच तास वजा करायचे. आजचा अंदाज दिवसातून पाच वेळा सुधारतात : आपल्या घड्याळाने रात्री १, सकाळी ८, साडेअकरा, दुपारी ३ आणि रात्री ८. सकाळचा बघून दिवसभर निर्धास्त राहू नका. साडेअकराचा नक्की बघा, कारण तोवर सकाळी सोडलेल्या हवामानाच्या फुग्यांनी वरच्या हवेची खबर आणलेली असते. आजचा दिवसही त्यांच्या लेखी सकाळी ७ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ७ असा असतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतरचं वादळ ‘आज’मध्येच मोडतं.

आता दुपारच्या लख्ख उन्हाबद्दल. एनहान्स्ड आहे, तीन वाजलेत, ढगाचा पत्ता नाही, आणि ग्रुपवर कुणीतरी लिहितं, ‘अंदाज फुसका निघाला.’ वर उबदार हवेचा एक थर असतो, त्याला इथे कॅप म्हणतात. तो कुकरच्या झाकणासारखा खालची दमट हवा दाबून धरतो. ऊन जितकं तापेल तितकी खाली वाफ कोंडते. कधी झाकण उडतच नाही आणि दिवस कोरडा जातो. पण उडालं, तर तासाभरात ढग फुलकोबीसारखा फुगून आभाळाला भिडतो. संध्याकाळी चार ते नऊ ही वेळ म्हणूनच वाईट.

फायर वेदरच्या नकाशात पायऱ्या तीनच : एलिव्हेटेड, क्रिटिकल, एक्स्ट्रीमली क्रिटिकल. इथे शब्दांत फसवणूक नाही.

३. वॉच म्हणजे काय, वॉर्निंग म्हणजे काय

गच्चीवर कुरडया-पापड वाळत घातलेत असं समजा. आभाळ भरून आलं, वारा फिरला, आई म्हणाली, ‘लक्ष ठेव गं.’ हा वॉच. थेंब पडायला लागले, आई ओरडली, ‘उचल, उचल!’ ही वॉर्निंग. वॉच असताना कामं चालू ठेवायची, पण पायात बूट घालून. वॉर्निंग आली की विचार करायचा नाही, आधीच ठरवलेल्या जागी जायचं.

वॉच एसपीसी काढतं, बऱ्याच काउंट्यांसाठी आणि काही तासांसाठी. वॉर्निंग नॅशनल वेदर सर्व्हिसचं स्थानिक कार्यालय काढतं. ती नकाशावर एखाद्या वेड्यावाकड्या चौकोनासारखी दिसते. अख्खी काउंटी धोक्यात आहे असं नाही, चौकोनात तुम्ही आहात का ते बघा. टोर्नेडोच्या वॉर्निंगनंतर हातात दहा-पंधरा मिनिटं असू शकतात, कधी त्याहूनही कमी. तेवढ्यात बूट शोधणं, पासपोर्ट शोधणं आणि नवऱ्याला अंगणातून आत बोलावणं होत नाही. तो फोनवर ढगाचा व्हिडिओ काढत असतो.

सिव्हिअर थंडरस्टॉर्म वॉर्निंग साधी समजू नका. वारा ताशी ५८ मैल किंवा गार एक इंचाची झाली की ती निघते. एक इंच म्हणजे इथल्या क्वार्टर नाण्याएवढी. गारांची मापं इथे नाण्यांत आणि चेंडूंत सांगतात : क्वार्टर, मग गोल्फ बॉल म्हणजे पावणेदोन इंच, मग बेसबॉल म्हणजे पावणेतीन. गोल्फ बॉल ऐकलं की मी खिडक्यांचे पडदे ओढून घेते, काच फुटली तर निदान तुकडे खोलीभर उडत नाहीत.

‘टोर्नेडो इमर्जन्सी’ हे शब्द ऐकले तर समजा की मोठा टोर्नेडो जमिनीवर आहे आणि वस्तीत शिरतोय. हे शब्द पहिल्यांदा वापरले गेले ते ३ मे १९९९ ला, आमच्या शेजारच्या मूर गावावर चालून आलेल्या टोर्नेडोच्या वेळी. त्याच मूरवर २० मे २०१३ ला पुन्हा ईएफ-५, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा टोर्नेडो आला. २४ जण गेले, त्यांत ७ मुलं एका प्राथमिक शाळेतली.

वणव्याच्या बाबतीत मात्र शब्द तेच, अर्थ थोडा वेगळा. आधी फायर वेदर वॉच येतो, मग रेड फ्लॅग वॉर्निंग. पण रेड फ्लॅग म्हणजे आग लागली आहे असं नाही. हवा इतकी कोरडी आणि वारा इतका जोराचा की लागली तर आवरणार नाही, एवढंच ती सांगते, आणि ती कधी आदल्या दिवशीच निघते. माझ्या एका मैत्रिणीने रेड फ्लॅग बघून बॅगा भरून गाडी काढली होती. उलट दुसऱ्या एकीने ‘कुठे आग दिसत नाही’ म्हणून बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवली. दोघींनी शब्द एकच वाचला होता.

४. सूचना तुमच्यापर्यंत पोचण्याच्या तीन वाटा ठेवा

एकच वाट ठेवाल तर ती नेमकी त्याच रात्री बंद पडेल. माझं झालंय. फोन सायलेंटवर आणि इमर्जन्सी अलर्ट ‘कटकट’ म्हणून बंद केलेले. सकाळी उठून बघते तर अर्ध्या मैलावरचं कुंपण रस्त्यात येऊन पडलेलं.

पहिली वाट फोनची. सेटिंगमध्ये जाऊन इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत ना ते बघा, भारतातून आणलेल्या फोनवर तर नक्कीच. टोर्नेडो वॉर्निंग त्यावर येते. वादळाच्या वॉर्निंगपैकी फक्त फार विध्वंसक असतील त्याच येतात, म्हणजे ८० मैलांचा वारा किंवा बेसबॉलएवढ्या गारा. म्हणजे गोल्फ बॉलच्या गारांना फोन गप्प बसू शकतो.

दुसरी वाट वेदर रेडिओची, म्हणजे फक्त हवामानाच्या सूचना देणाऱ्या रेडिओची. किराणा दुकानातही मिळतो, बॅटरीवर चालतो, आणि रात्री दोन वाजता असा किंचाळतो की मेलेला माणूस उठून बसेल. विकत आणून नुसता लावून ठेवला तर तो आसपासच्या सगळ्या काउंट्यांच्या सूचनांना ओरडतो, दोन रात्रींत वैतागून लोक प्लग काढतात. त्यात काउंटीचा सहा आकडी कोड भरायचा असतो. नॉर्मनच्या क्लीव्हलँड काउंटीचा ०४००२७. मी सोबत मॅक्क्लेनचाही, ०४००८७, भरलाय, कारण वादळं बहुधा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातात आणि मॅक्क्लेनवरून आमच्याकडे येतात.

याच कारणासाठी आपल्या नैर्ऋत्येची गावं पाठ करा. टीव्हीवरचा माणूस अक्षांश-रेखांश सांगत नाही, ‘चिकशे, ब्लँचर्ड, न्यूकॅसल’ असं म्हणतो. ही नावं माहीत नसतील तर ते आपल्याबद्दल बोलताहेत हेच कळत नाही. फ्रिजवर काउंट्यांचा छापील नकाशा लावून ठेवा.

तिसरी वाट माणसाची. वॉच असलेल्या रात्री आम्ही चार घरं एकमेकांना उठवायचं ठरवून झोपतो.

भोंग्याला मी वाटांत धरत नाही. तो बाहेर असलेल्या लोकांसाठी आहे. दारं-खिडक्या बंद, एसी चालू असेल तर ऐकू येईलच असं नाही. चाचणीबद्दल मात्र एवढं लक्षात ठेवा की हवा बिघडण्याची शक्यता असली तर शनिवारची चाचणी रद्द करतात. आभाळ काळं असताना वाजला, तर तो खरा.

आणि फोनवरचं रडार ‘लाइव्ह’ नसतं. चित्र काही मिनिटं शिळं असतं. त्यावर ‘अजून दोन मैल लांब आहे’ असा हिशेब करत बसू नका.

५. आसऱ्याची जागा आज ठरवा

नियम साधा : सगळ्यात खालचा मजला, घराच्या मधली, खिडकी नसलेली छोटी खोली. इथल्या बऱ्याच घरांना तळघर नसतं. मग बाथरूम किंवा कपड्यांची कोठी. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, अंगावर गादी किंवा जाड रजया. हेल्मेट घालायला लाजू नका.

खरा प्रश्न वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा. आमचं पहिलं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर होतं. करार करताना ऑफिसातल्या बाईंनी हसत सांगितलं होतं की वादळात क्लबहाउस उघडं असतं. एप्रिलच्या शेवटी रात्री साडेअकराला रेडिओ ओरडला, आम्ही पायऱ्या उतरून क्लबहाउसपर्यंत पळालो. दाराला कुलूप. काचेतून आतली कॉफी मशीन दिसत होती. वारा एकदम थांबला होता, आणि पहिली गार समोरच्या गाडीच्या टपावर पडली, दगडावर नारळ आपटावा तसा आवाज. शेवटी तळमजल्यावरच्या एका घराचं दार वाजवलं. त्या बाईंना आम्ही कधी ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नव्हतं. त्यांच्या बाथरूममध्ये आम्ही दोघं, त्या, त्यांची दोन मुलं आणि एक मांजर असे अर्धा तास बसलो. टोर्नेडो उत्तरेकडून निघून गेला.

तेव्हा करार करतानाच विचारा : आसरा आहे का, रात्री किल्ली कुणाकडे असते, लेखी द्याल का. आणि काहीही उत्तर आलं तरी तळमजल्यावरच्या कुणाशी तरी मार्चच्या आधी ओळख करून घ्या. एक डबा घेऊन जा, स्पष्ट विचारा की वॉर्निंग आली तर येऊ का. इथली माणसं या प्रश्नाला हसत नाहीत. सरकारी आसरा असेलच असं गृहीत धरू नका, ओक्लाहोमा सिटीसारख्या मोठ्या शहरातही सार्वजनिक आसरे नाहीत.

मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरात, राहत असाल तर वरचा नियम लागू नाही. तिथे कुठलीच खोली सुरक्षित नाही. वॉच लागला की पक्क्या घरात जा, वॉर्निंगची वाट बघू नका.

मुलं शाळेत असताना वॉर्निंग आली तर आणायला निघू नका. शाळा मुलांना आत ठेवते आणि तुम्ही मात्र रस्त्यावर अडकता. हे पाळणं सगळ्यात कठीण आहे, मला कबूल आहे.

६. वणव्याच्या दिवशी

फेब्रुवारी ते एप्रिल गवत वाळून सोन्यासारखं झालेलं असतं, पालवी फुटायची असते. असं गवत हवा कोरडी झाली की तासाभरात पेट घेण्याजोगं होतं. आदल्या दिवशी पाऊस पडला होता म्हणून निश्चिंत राहू नका. त्यात इथे सगळीकडे माजलेला ईस्टर्न रेडसिडार, म्हणजे तेलकट पानांचं सदाहरित झाड. तो पेटतो तेव्हा फटाक्यांची माळ लावल्यासारखा तडतडतो. घराला खेटून असेल तर घरमालकाला सांगून तोडून घ्या.

बर्न बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी, काउंटीप्रमाणे बदलतो, कधी राज्यपालही लावतात. आपल्याशी याचा संबंध होळीपुरता येतो, आणि होळी नेमकी याच दिवसांत पडते. एका वर्षी आमच्या ग्रुपने पार्कमध्ये लाकडं रचूनसुद्धा ठेवली होती, दुपारी बॅन लागला. परवानगी होती, ती बॅनपुढे चालत नाही. मग नैवेद्य दाखवून पुरणपोळ्या खाल्ल्या, बोंब मारली आणि लाकडं गाडीत घालून परत आणली. आयोजक असाल तर काउंटीचं पान सकाळी आणि निघण्याआधी, असं दोनदा बघा.

बाकी कारणं फार छोटी असतात : उंच सुक्या गवतावर उभी केलेली तापलेली गाडी, रस्त्यावर घासणारी ट्रेलरची साखळी, खिडकीतून टाकलेलं थोटूक, दुपारी चालवलेलं गवत कापायचं यंत्र.

आग लागली आणि वारा नैर्ऋत्येचा असेल तर ती ईशान्येकडे अरुंद जिभेसारखी पळते. बाजूला राहणारा माणूस निश्चिंत असतो. मग शीत आघाडी, म्हणजे थंड हवेची लाट, येते, वारा फिरून उत्तरेचा होतो आणि त्या जिभेची लांबच लांब कड हीच आगीचं तोंड बनते. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेक्ससच्या उत्तर टोकाच्या पॅनहँडल भागातली स्मोकहाउस क्रीक आग अशीच पसरली आणि दहा लाख एकरांच्या वर गेली. टेक्ससच्या इतिहासातली ती सगळ्यात मोठी. त्यामुळे अंदाजात ‘विंड शिफ्ट’ आणि त्याची वेळ शोधा. आग तुमच्या दक्षिणेला असो की उत्तरेला, ती वेळ गाठायच्या आत तुमचा निर्णय झालेला हवा.

निघायला सांगितलं की निघायचं. टोर्नेडोत घरात लपायचं आणि वणव्यात घर सोडायचं, हे उलटं आहे म्हणून मुलांनाही वेगवेगळं समजावून ठेवा. गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लावा, धुरासाठी एन-९५ मास्क जवळ असू द्या.

७. गाडीत असाल तर

पुलाखाली थांबू नका. गारांपासून वाचायला लोक हायवेच्या पुलाखाली गाड्या उभ्या करतात, मागची वाहतूक तुंबते. आणि टोर्नेडोत पुलाखाली वारा अजून चेपून जोरात येतो. ३ मे १९९९ ला पुलांखाली आसरा घेतलेली माणसं मेली.

टोर्नेडोपासून गाडीने पळायचा बेत करू नका. ३१ मे २०१३ चा एल रिनोचा टोर्नेडो २.६ मैल रुंद होता, आजवर मोजलेल्यांत सगळ्यात रुंद. त्यात गेलेले आठही जण गाड्यांमध्ये होते. त्याच रात्री ओक्लाहोमा सिटीत नाल्याच्या पाइपात लपलेले काही जण पुरात वाहून गेले.

धुळीत समोरचं दिसेनासं झालं तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबा आणि दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा, हँडब्रेक लावा. दिवे चालू ठेवावेत असं वाटतं, पण मागचा माणूस तुमच्या लाल दिव्याच्या मागोमाग येऊन तुम्हालाच ठोकतो.

रस्त्यावर पाणी वाहत असेल तर वळा. फूटभर वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलतं.

८. पिशवी

आसऱ्याच्या जागीच ठेवा, कपाटाच्या वर नाही.

कागद, झिपच्या पिशवीत : पासपोर्ट, व्हिसाचे कागद (आय-२० किंवा आय-७९७, आय-९४ ची छापील प्रत), सोशल सिक्युरिटी कार्ड, घराचा करार, विम्याची पॉलिसी, गाडीचं टायटल म्हणजे मालकीचा कागद, औषधांच्या चिठ्ठ्या. सगळ्यांचे फोटो भारतात घरी पाठवून ठेवा. पासपोर्ट पुन्हा काढता येतो, पण कुठल्या नंबरचा होता हेच आठवत नसेल तर फार वेळ जातो.

सामान : टॉर्च, पॉवर बँक, शिट्टी, पाणी, आठवड्याची औषधं, चष्म्याची जुनी जोडी, हेल्मेट. आणि बंद बूट, तेही प्रत्येकाचे. वादळानंतर अनेकांचे पाय काच आणि खिळ्यांनी फाटतात. आपण घरात अनवाणी असतो, त्यामुळे हे आपल्यालाच जास्त लागू.

९. विमा मार्चच्या आधी

गाडीचा सगळ्यात स्वस्त विमा लायबिलिटीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. त्यात गारांचं नुकसान येत नाही. काँप्रिहेन्सिव्ह हवा. वादळ तोंडावर आलं की अनेक कंपन्या नवं कव्हर देणं थांबवतात. भाड्याच्या घराला रेंटर्स इन्शुरन्स घ्या, इमारतीच्या विम्यात तुमचा लॅपटॉप येत नाही. पुराचा विमा वेगळा असतो. घर स्वतःचं असेल तर गारा-वाऱ्याचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतली आपण स्वतः भरायची रक्कम, तपासा. ते बऱ्याचदा ठरावीक रकमेऐवजी घराच्या विमा-रकमेच्या टक्क्यात असतं, आणि तो आकडा डॉलरमध्ये मांडला की घाम फुटतो. घरभर फिरून एक व्हिडिओ काढून ठेवा, कपाटं उघडून.

१०. वादळ गेल्यावर

लगेच बाहेर धावू नका, मागे दुसरा ढग असतो. गॅसचा वास आला तर दिवा लावू नका, बाहेर पडा आणि मग फोन करा. पडलेल्या तारेला हात लावू नका, तिच्या जवळच्या कुंपणालाही नाही. काही हलवायच्या आधी फोटो काढा. फोन लागत नसेल तर मेसेज जातो, आणि आईला मेसेज तुम्हीच आधी करा, कारण तिने टीव्हीवर ‘अमेरिकेत टोर्नेडो’ एवढंच ऐकलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर छप्परवाले येतात. परराज्यातली नंबरप्लेट, हातात टॅब, ‘फक्त तपासणीसाठी सही करा.’ ती सही बऱ्याचदा कामाच्या कराराची असते. ‘डिडक्टिबल आम्ही भरतो’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा, टेक्ससमध्ये ते कायद्याने गुन्हा आहे. आधी विमा कंपनीचा माणूस येऊ द्या. भाड्याने राहत असाल तर सही करायचा अधिकारच तुमचा नाही. कार्ड घ्या आणि ऑफिसात नेऊन द्या.